दाबोळीचा तळ: जहाजावर उतरायला शिकवणारी जमीन

कुडाळच्या एका शिक्षिकेने तीन प्रश्न विचारले आहेत. दाबोळीचा विमानतळ मुळात पोर्तुगीजांचा लष्करी तळ होता का? तो नौदलाकडे कसा गेला, आणि गोव्यातले लोक अजून त्यावरून नाराज का असतात? तिसरा प्रश्न घरचा आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला नौदलात वैमानिक व्हायचंय, दाबोळीला नौदलाचं फ्लाइंग स्कूल आहे असं ऐकलंय, तर तिथे प्रवेश कसा मिळतो?

बाई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या दोन्हींसाठी घाई नाही. दाबोळीला प्रवेश मिळत नाही. विमान उडवायला शिकण्यासाठी तिथे कोणी जात नाही. ज्याला विमान उडवता येतं, त्याला जहाजावरून उडायला आणि जहाजावर परत उतरायला तिथे तयार करतात. हा फरक नीट समजला की त्या तळाचा इतिहास आपोआप उलगडतो. तिथे कुठली विमानं आली, कधी आली, कधी गेली, हे बहुतेक वेळा समुद्रात कुठलं जहाज आहे त्यावरच ठरलेलं दिसेल.

मी वैमानिक नव्हतो, हे सांगून ठेवतो. नौदलाच्या हवाई शाखेत विमानांच्या देखभालीच्या बाजूला नोकरी केली, त्यातली बरीचशी दाबोळीलाच. विमान उडायला योग्य आहे अशी ज्यांची सही झाल्याशिवाय वैमानिक शिडी चढत नाही, त्यांच्यातला एक. त्यामुळे मला तळाकडे हँगरच्या दारातून बघायची सवय आहे.

आता पोर्तुगीज. १९६१ मध्ये आपल्या हवाई दलाने दाबोळीवर बॉम्ब टाकले, म्हणजे तिथे लढाऊ विमानं असणारच, असा सरळ हिशोब लोक करतात. गोव्यात पोर्तुगालचं एकही लढाऊ विमान तेव्हा नव्हतं. विमानतळ बांधला गेला तो नाकेबंदीमुळे. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, कॅसलरॉककडून मुरगावला येणारी रेल्वे थांबली, मुंबईशी असलेले व्यवहार तुटले. तेव्हा पोर्तुगालच्या सालाझार सरकारने दाबोळी, दमण आणि दीव अशा तिन्ही ठिकाणी विमानतळ उभे केले आणि त्यांना जोडायला 'ट्रान्सपोर्तिश आएरिओश दा इंदिया पोर्तुगेझा' ही कंपनी काढली. या कंपनीची विमानं दमण-दीवला आणि कराचीला जायची. दाबोळीच्या विमानतळाला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचं नाव होतं. सैनिक आणि सरकारी माणसं त्यातून ये-जा करत, हे खरं. पण बांधणी, वापर आणि नाव तिन्ही अर्थांनी तो नागरी विमानतळ होता. दमणचा विमानतळ आज तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, म्हणजे पोर्तुगीजांनी नाकेबंदीवर काढलेला उपाय पुढे आपल्याच गणवेशातल्या माणसांच्या उपयोगी पडला.

जागेची निवड मात्र ज्याने केली त्याला मानलं पाहिजे. मुरगाव बंदराच्या मागे जांभ्याचा सपाट सडा, एका बाजूला समुद्र, भराव कमी आणि दगड जागेवरच. धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो आणि उतरणाऱ्या विमानाला तो नाकावर मिळतो. आडवा वारा असता तर जून ते सप्टेंबर तिथे शिकवणं जवळपास अशक्य झालं असतं. आजची धावपट्टी ३.४ किलोमीटरच्या आसपास आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा बॉम्बर विमानं दाबोळीवर आली आणि त्यांनी ६३ हजार पौंड, म्हणजे साधारण २८ टन बॉम्ब धावपट्टीवर टाकले. इमारत आणि नागरी विमानं सोडून फक्त धावपट्टी निकामी करायची, असा हुकूम होता. दुसरी तुकडीही येऊन गेली. तरी त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे घाईघाईने बुजवले आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं अंधारात उडून कराचीला पोहोचली. धावपट्टीत खड्डे पाडणं सोपं असतं, ती बंद ठेवणं अवघड. विमानदुरुस्तीतल्या माणसाला यात नवल वाटत नाही. चार डंपर, एक रोलर आणि जिवावर उदार झालेला वैमानिक असला की पुरतं. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

नौदलाची गोष्ट तोपर्यंत दुसरीकडे चालली होती. भारताने १९५७ मध्ये ब्रिटिशांचं अर्धवट बांधलेलं 'हर्क्युलिस' हे विमानवाहू जहाज विकत घेतलं. ते बेलफास्टला पूर्ण होऊन ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' म्हणून नौदलात आलं. त्याच्यासाठी इंग्लंडहून सी हॉक ही जेट लढाऊ विमानं आणि फ्रान्सहून पाणबुडीशोधक अलिझे घेतली. सी हॉकची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे 'व्हाइट टायगर्स', जुलै १९६० मध्ये इंग्लंडमध्येच उभी राहिली होती, आणि १८ मे १९६१ ला लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी विक्रांतवर जेट उतरवणारे पहिले भारतीय वैमानिक ठरले. पुढे ते नौदलप्रमुख झाले. जहाज आलं, विमानं आली, पण ती ठेवायची कुठे?

हा प्रश्न नौदलाबाहेरच्या माणसाला पडत नाही. त्याला वाटतं, विमानवाहू जहाज म्हणजे विमानं जहाजावरच राहत असतील. जहाज बंदरात बांधलेलं असलं की त्यावरून असं विमान नेहमीसारखं उडवता येत नाही. त्यासाठी जहाज वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगाने चालावं लागतं, म्हणजे डेकवर पुरेसा वारा मिळतो. म्हणून जहाज बंदरात शिरण्याआधी स्क्वाड्रन उडून किनाऱ्यावरच्या तळावर जाते आणि जहाज पुन्हा समुद्रात गेल्यावर त्याला जाऊन मिळते. जहाज महिनोन्‌महिने गोदीत असतं तेव्हा वैमानिकांचा हात, नजर आणि विमानांची इंजिनं चालू ठेवायची ती या किनाऱ्यावरच्या तळावरच. नौदलाचा तेव्हाचा हवाई तळ कोचीला होता, पण तिथली धावपट्टी जेट विमानांना पुरण्यासारखी नव्हती. म्हणून कोइम्बतूरजवळ सुलूरला सोय केली आणि ५ सप्टेंबर १९६१ ला तिथे 'आयएनएस हंसा' सुरू झाला. समुद्रापासून दूर, तमिळनाडूच्या आतल्या भागात, विमानवाहू जहाजाच्या जेट विमानांचा तळ! आज ऐकायला विचित्र वाटतं. त्यानंतर साडेतीन महिन्यांत गोवा मुक्त झाला, आणि मुंबई व कोचीच्या मध्ये, अगदी समुद्राला लागून, जेट विमानांना पुरेल अशी धावपट्टी करता येण्याजोगी जागा नौदलाच्या डोळ्यांपुढे आली.

एप्रिल १९६२ मध्ये दाबोळी नौदलाच्या ताब्यात गेली आणि जून १९६४ मध्ये 'हंसा' सुलूरहून तिथे हलला.

गोवेकरांची नाराजी इथे सुरू होते. एप्रिल १९६२ मध्ये गोव्यात लोकांनी निवडलेलं सरकार नव्हतं, लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांचा कारभार होता. पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, तोवर विमानतळाचा निर्णय होऊन गेला होता. म्हणजे ज्यांचा विमानतळ, त्यांना कोणी विचारलंच नाही, ही तक्रार निव्वळ भावनिक नाही. पर्यटन वाढलं, १९८० च्या दशकात युरोपातून चार्टर विमानं येऊ लागली, आणि तरी कित्येक वर्षं सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक हा वेळ लष्करी उड्डाणांसाठी राखून ठेवलेला असायचा. हॉटेलवाल्याला ते खुपणारच. दुसरी बाजूही ऐका. उघडलेलं आकाश, शांत सकाळ आणि रिकामी धावपट्टी हे तीन एकत्र मिळाल्याशिवाय नवशिक्या वैमानिकाला एकामागून एक लँडिंगं करू देता येत नाहीत. मध्येच प्रवासी विमान आलं की त्याला समुद्रावर घिरट्या घालायला पाठवावं लागतं, त्याचं तेल संपत येतं, शिकवणाऱ्याचा धडा तुटतो. माझं मत विचाराल तर नौदलाला ही जागा मिळाली हे देशाच्या दृष्टीने योग्य झालं, पण दुसरा विमानतळ बांधायला साठ वर्षं लावणं हा सगळ्या सरकारांचा आळस होता. मोप्याच्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. ते तुम्हाला कुडाळहून दाबोळीपेक्षा जवळही पडतं.

आता शिकवण्याच्या भागाकडे येतो, कारण या सगळ्यात खरी रंगत तिथे आहे.

जुना विक्रांत २१३ मीटर लांब होता. दाबोळीची आजची धावपट्टी त्याच्या जवळजवळ सोळापट. त्यातही उतरायला मिळायची ती सगळी लांबी नव्हे, डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत विमानाचा शेपटाकडचा हुक अडकला पाहिजे. मुंबई-गोवा हायवेवर गाडी सफाईने चालवणाऱ्याला जर कोणी सांगितलं की आता ती डोलणाऱ्या जेटीवर, रात्री, पहिल्याच प्रयत्नात लाव, तर तो जे तोंड करेल तसं तोंड करून हवाई दलात शिकलेले वैमानिक दाबोळीला येतात. जमिनीवर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी नाक थोडं वर घेतो, म्हणजे चाकं हलक्याने टेकतात. जहाजावर ही सवय मोडावी लागते. ठरलेल्या कोनात, ठरलेल्या वेगात, विमान अक्षरशः डेकवर आपटायचं. आणि चाकं टेकली की इंजिन बंद करायच्या ऐवजी पूर्ण ताकद द्यायची! कारण हुकने तार पकडली नाही तर पुढच्या दोन-तीन सेकंदांत विमान पुन्हा हवेत गेलं पाहिजे. याला बोल्टर म्हणतात. बोल्टर होणं लाजेचं नाही, बोल्टर झाल्यावर ताकद कमी ठेवलेली असणं जिवावरचं आहे.

हे सगळं आधी जमिनीवर घोटून घेतात. धावपट्टीवर जहाजाच्या डेकची आखणी करायची, बाजूला आरसा आणि दिवे लावायचे. आरशात दिसणारा पिवळट दिवा हिरव्या दिव्यांच्या रांगेत आला तर विमान बरोबर उतरतंय. वर दिसला तर तुम्ही उंच आहात, खाली दिसला तर खाली. वैमानिकाने धावपट्टीकडे बघायचंच नाही, त्या दिव्याकडे बघायचं. पलीकडे एलएसओ, म्हणजे लँडिंगवर नजर ठेवणारा अनुभवी वैमानिक, रेडिओवर दोन-चार शब्दांत बोलतो. चक्कर, टेकणं, ताकद, पुन्हा चक्कर. सकाळभर हेच. वास्को, चिखली, बोगमाळोच्या लोकांना जो आवाज ऐकू येतो तो बऱ्याचदा याचाच असतो. एकच विमान परत परत का येतंय, असं त्यांना वाटतं.

सी हॉकच्या काळात एक अडचण होती जी आजच्या मुलांना सांगितली तर त्यांचा विश्वास बसत नाही. सी हॉकला दोन आसनांचं रूपच नव्हतं. म्हणजे शिकवणारा मागे बसलाय आणि चूक झाली तर तो सावरतोय, ही सोय नाही. आधी दोन आसनी व्हॅम्पायरवर जेटची सवय करायची, मग कॉकपिटचा सराव, प्रश्नोत्तरं, डोळे बांधून स्विच ओळखणं, आणि एक दिवस सी हॉकमध्ये एकट्यानेच बसायचं. त्या विमानातलं पहिलं उड्डाणच सोलो. हे व्हॅम्पायर ज्या ५५१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे होते तिला तुम्ही 'फ्लाइंग स्कूल' म्हणू शकता. तीही सुलूरहून दाबोळीला आली. पुढे तिच्याकडे आपली हिंदुस्थान एरोनॉटिक्सची किरण विमानं आली, आणि किरण उडवणाऱ्या तिच्याच वैमानिकांनी २००३ मध्ये 'सागर पवन' हा कसरतींचा चमू उभा केला. बहुधा तुम्ही ऐकलेलं 'फ्लाइंग स्कूल' हेच.

१९७१ मध्ये या सरावाचं चीज झालं. विक्रांत बंगालच्या उपसागरात होता आणि ४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. ३०० स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं. अलिझेच्या लोकांनी किंमतही मोजली. १० डिसेंबरला पश्चिमेकडे एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं, तिघेही गेले.

१६ डिसेंबर १९८३ ला सी हॅरिअर विमानं दाबोळीला उतरली आणि शिकवण्याची पद्धतच उलटी झाली. आणणाऱ्यांत अरुण प्रकाश होते, तेही पुढे नौदलप्रमुख झाले. हॅरिअरला तार नको, हुक नको. उडताना जहाजाच्या पुढच्या टोकाला वर वळवलेल्या चढावरून, म्हणजे स्की-जंपवरून झेप घ्यायची आणि येताना जहाजाच्या बाजूला हवेत थांबून सरळ खाली बसायचं. पाहणाऱ्याला हे सोपं वाटतं. हवेत स्थिर उभं असताना पंखांना काही धरून ठेवायला नसतं, सगळा भार इंजिनाच्या झोतावर असतो, आणि दाबोळीच्या दमट उन्हात इंजिनाची ताकद थंडीतल्या इंग्लंडइतकी मिळत नाही. मेच्या दुपारी किती तेल आणि किती वजन घेऊन उभं उतरता येईल याचा हिशोब आधी कागदावर व्हायचा. हॅरिअरचे अपघात बरेच झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. पण दोन आसनी हॅरिअर होतं, त्यामुळे निदान पहिला दिवस एकट्याने काढावा लागत नव्हता. हॅरिअरसाठीच्या प्रशिक्षणाची वेगळी तुकडी २००५ मध्ये ५५२ क्रमांकाची स्क्वाड्रन झाली. ११ मे २०१६ ला हॅरिअरला दाबोळीतच निरोप दिला गेला, आणि त्याच दिवशी ३०० स्क्वाड्रनने मिग-२९के हे रशियन लढाऊ विमान स्वीकारलं.

मोठ्या विमानांचं थोडक्यात सांगतो. १९७६ मध्ये हवाई दलाकडून सुपर कॉन्स्टेलेशन आली, १९७७ मध्ये रशियन इल्यूशिन-३८, १९८८ मध्ये अजस्र टुपोलेव्ह-१४२. टुपोलेव्ह १९९२ मध्ये अरक्कोणमला गेली, इल्यूशिनला ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप मिळाला, आता पी-८आय आहेत. ही दूरवर समुद्र बघणारी विमानं, जहाजाशी त्यांचा थेट संबंध नाही. पण १ ऑक्टोबर २००२ विसरता येत नाही. इल्यूशिन स्क्वाड्रनच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. त्यातले बाराही जण गेले, खाली जमिनीवरही माणसं गेली. वास्कोच्या परिसरातल्या वयस्कर माणसांना हा दिवस आजही आठवतो.

माझ्या कामाबद्दल तीन गोष्टी सांगू द्या, त्याशिवाय कोकणातला हवाई तळ काय असतो ते कळणार नाही. पहिला शत्रू मीठ. समुद्रावर खाली उडून आलेलं विमान ओलं दिसत नाही, पण सांध्यासांध्यात खारं बसलेलं असतं. गोड्या पाण्याने धुवायचं, इंजिनाच्या कॉम्प्रेसरला शुद्ध पाण्याचा वॉश द्यायचा, पुसायचं, तेलाचा पातळ हात द्यायचा. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली की घासून तळ गाठायचा आणि नोंद करायची. जुन्या विमानांत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे भाग असत, त्यांना मीठ असं खायचं की नुसतं बोट लावलं तरी अंदाज यायचा. पावसाळ्यात हँगरमध्ये बुरशी, कनेक्टरमध्ये पाणी, आणि 'रात्री ठीक होतं, सकाळी बंद' या प्रकारच्या तक्रारी. इंग्लंडमध्ये छापलेल्या मेंटेनन्स पुस्तकात जो अवधी दिलेला असायचा, त्याच्या आधीच आम्हाला पॅनल उघडावी लागत. दुसरा शत्रू जांभा. सडा सुंदर दिसतो, पण त्याची खडी वाऱ्याने, चाकांनी, पाण्याच्या लोंढ्याने धावपट्टीच्या कडेला येते आणि जेटचं इंजिन ती ओढून घेतं. म्हणून फॉड वॉक असतो. सगळ्यांनी एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून चालायचं आणि दिसेल तो खडा, स्क्रू, तारेचा तुकडा उचलायचा. यात हुद्दा बघत नाहीत, तो बघू नये म्हणूनच ती ओळ असते.

तिसरं, पक्षी. पावसानंतर गवत वाढतं, किडे येतात, मागून बगळे आणि घारी. १६ नोव्हेंबर २०१९ ला दाबोळीहून उडालेल्या दोन आसनी मिगवर पक्ष्यांचा थवा आदळला. वैमानिकांनी ते वस्तीपासून दूर वळवलं, ते वेर्ण्याच्या पठाराकडे पडलं, दोघेही बाहेर पडून वाचले. गवत कापण्याच्या ठेक्यालाही उड्डाणसुरक्षा म्हणतात ते उगीच नाही.

मिग-२९के आल्यावर तार आणि हुक परत आले, पण जोडीला हॅरिअरचा स्की-जंप राहिला. ही विमानं ज्यावरून उडतात ते विमानवाहू जहाज विक्रमादित्य २८४ मीटर लांब, पुढे चौदा अंशांचा चढ, मागे तीन तारा. यासाठी वैमानिक तयार करायला धावपट्टीवर रंगवलेला डेक पुरत नाही. जमिनीवरच खरा चढ आणि खऱ्या तारा पाहिजेत. तशी सोय 'हंसा'वर केली आहे, आणि ती बांधली वास्कोच्याच गोवा शिपयार्डने. जहाजं बांधणाऱ्या गोदीने जमिनीवर जहाजाचा तुकडा बांधला, ही मला या तळाच्या इतिहासातली सगळ्यात आवडती घटना वाटते. मूळ हेतू देशी 'तेजस'च्या नौदल आवृत्तीची चाचणी हा होता. २० डिसेंबर २०१४ ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तिथल्या चढावरून ते पहिल्यांदा उडवलं. तारेत अडकून उतरणं त्यापेक्षा कितीतरी अवघड. ते तिथे १३ सप्टेंबर २०१९ ला साधलं, आणि पुढच्या चार महिन्यांत, ११ जानेवारी २०२० ला, मावळणकरांनीच ते विक्रमादित्यच्या डेकवर उतरवलं. जमिनीवरचा तुकडा नीट असेल तर समुद्रावरचं काम किती पटकन होतं, ते या तारखांतून दिसतं. २०२२ मध्ये फ्रान्सचं रफाल-एम आणि अमेरिकेचं एफ-१८ या दोघांचीही परीक्षा याच चढावर झाली. एप्रिल २०२५ मध्ये करार झाला तो २६ रफाल-एमचा.

आता लेकीचं बोलू. ५५१ स्क्वाड्रन आता हॉक या प्रशिक्षण जेट विमानांसह (जुनं सी हॉक वेगळं) विशाखापट्टणमच्या 'आयएनएस डेगा'वर असते, म्हणजे तुम्ही ऐकलेलं स्कूल दाबोळीहून पूर्व किनाऱ्याला गेलं. तिथेच जुलै २०२५ मध्ये सब लेफ्टनंट आस्था पूनिया लढाऊ शाखेत जाणारी नौदलाची पहिली महिला ठरली. डॉर्निअरचं शिक्षण कोचीला होतं, तिथून डिसेंबर २०१९ मध्ये शिवांगी नौदलाची पहिली महिला वैमानिक म्हणून बाहेर पडली होती. हेलिकॉप्टरचं अरक्कोणमला. त्या सगळ्यांच्या आधी एळिमलाच्या नौदल अकादमीत अधिकारी व्हावं लागतं आणि मूळ उड्डाण हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दलाच्या अकादमीत शिकावं लागतं. जहाजावरच्या जेटसाठी काही वर्षं आपली मुलं अमेरिकेच्या नौदलाकडेही शिकायला जात. दाबोळी या साखळीत शेवटी येते.

बारावीनंतर एक दार एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं. २०२२ पासून मुलींना ते खुलं आहे, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. दुसरं दार इंजिनिअरिंगनंतर शॉर्ट सर्व्हिसच्या, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीच्या, वैमानिक प्रवेशाचं. दोन्हीकडे भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. तिने बायोलॉजी ठेवून गणित सोडलं असेल, तर कोचिंगची फी भरण्याआधी तो प्रश्न सोडवा. नंतर तो सुटत नाही. मग सावंतवाडीला किंवा पणजीला चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे रंगदृष्टीची तपासणी करून घ्या, कारण त्यात अडलेली मुलं मी मुलाखत पास होऊन परतताना पाहिली आहेत. मुलाखतीच्या वेळी वैमानिकांसाठी जी संगणकावरची चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालं की वैमानिक म्हणून दुसरी संधी नाही. त्यामुळे 'नुसतं बघून येते' म्हणून तिला पाठवू नका.

आणि मे महिन्यात तिला बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात घेऊन जा. तिथे सी हॉक, अलिझे, हॅरिअर आणि ते म्हातारं सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभं आहे. जायच्या आधी कुठल्या दिवशी बंद असतं ते विचारून घ्या. सी हॉकजवळ गेल्यावर तिला कॉकपिट दाखवा आणि आसनं मोजायला सांगा.